टोक जिवंत असताना

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या कारखान्यात रबराच्या रेणूंच्या साखळ्या वाढवतात. साखळीचं टोक जिवंत, म्हणजे वाढतं असतानाच त्याला एक रसायन जोडायचं, म्हणजे टायर कमी झिजतो; मग दुसऱ्या रसायनाने टोक मारून वाढ थांबवायची. परवा झडपेवरची अक्षरं नीट न दिसल्याने मी टोक मारणारं रसायनच आधी सोडलं. अख्खी टाकी वाया! नोकरी जाणार हे धरूनच मुख्य रसायनतज्ज्ञ बाईंपुढे चूक कबूल केली.

बाई माझ्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, "काका, सांगितलंत ते बरं. नाहीतर महिनाभर मी माझंच गणित तपासत बसले असते. आधी चष्मा करा!" मग स्वतः ब्रश घेऊन झडपा रंगवल्या, जोडणारी हिरवी, मारणारी लाल. नोकरी राहिली.

आज देवापुढे तुझ्याआधी त्यांच्यासाठी मागितलं. रागावू नकोस.

तुझा थोरला