आरशासारखी नळी

प्रिय आफिया,

पत्र बघून हसशील. फोन हातात असताना अम्मीला हे काय सुचलं म्हणशील. पण तुझा फोन आला की तुझे अब्बा हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात, स्पीकर लावायला सांगतात, आणि मग तू माझ्या गुडघ्यांची चौकशी करतेस, मी तुझ्या डब्याची करते, की झालं. आज ते अंबडला कारखान्यात गेलेत. डाळ गॅसवर आहे आणि मी वणीच्या शाळेत गिरवलेलं अक्षर खूप दिवसांनी बाहेर काढलंय. घरात आपण हिंदी बोलतो, पण मनातलं लिहायचं झालं की माझा हात मराठीतच चालतो.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भावाला ओझरचं काम मानवलेलं दिसतंय, इमरानच्या सगळ्या पँटी कमरेत घट्ट झाल्यात. थंडी चांगली पडलीय आणि मेथी इतकी स्वस्त झालीय की तुझे अब्बा आता मेथीचं नाव काढलं तरी ताटावरून उठतील. आणि हो, रविवारी तुझी रायफल बघायला माणसं आली होती. धूळ खात पडलीय, कुणाला तरी देऊन टाका, असं तूच म्हणाली होतीस ना?

मखमलाबादकडचे वाळूभाऊ आले होते, फुलांची शेती करतात ते. त्यांची शुभांगी तुझ्या लखनसरांकडे नेमबाजी शिकायला लागलीय. येताना शेवंतीचा एवढा मोठा गठ्ठा घेऊन आले की मला बादलीत ठेवावा लागला. अब्बांनी कपाटावरून पेटी काढली, फडक्यानं पुसली, उघडली. वाळूभाऊ म्हणाले, "लय भारी दिसते हो! अन् नवीच हे जनू." ती पोरगी तर हात लावायलाही घाबरत होती. तूही तशीच होतीस. रायफल घरी आली त्या दिवशी तू तिला माझ्या ईदच्या दुपट्ट्यात गुंडाळून ठेवली होतीस, आणि मी ओरडले तर म्हणालीस, "अम्मी, तिला थंडी वाजेल."

त्या एअर रायफलचं तुझ्याइतकंच अब्बांना वेड होतं. रेंजवरून आलीस की टार्गेटचा कागद आधी त्यांना दाखवायचीस. सगळे छर्रे एकाच भोकातून गेलेले असले की ते कागद खिडकीशी धरायचे आणि त्या भोकातून तुझ्याकडे बघायचे. मला वैताग यायचा, तुमचा खेळ संपेपर्यंत जेवण थंड व्हायचं. आता वाढलेलं गरम गरम पोटात जातं, आणि मला ते थंड झालेलं जेवणच आठवतं.

राज्य स्पर्धेच्या आधी एखादा छर्रा डावीकडे पळतो, अशी तुझी तक्रार होती. लखनसरांनी तुला नीट सांगितलं होतं, मीही तिथंच उभी होते. दोरीला फेल्टची मऊ गोळी बांधून नळीत मागून घालायची, एकदा पुढून ओढून काढायची, बस. घासायचं नाही. साफ केल्यावर पहिले काही छर्रे भरकटणारच, नळीला पुन्हा थोडा मळ लागला की ती आपोआप ताळ्यावर येते. तू घरी येऊन अब्बांना हे सगळं सांगितलंस. त्यांनी मान डोलावली. पण मळ राहू द्यायचा, हे त्या माणसाच्या डोक्यात कसं शिरावं? उभा जन्म साच्यांना पॉलिश करण्यात गेला. साच्यात स्वतःची मिशी दिसल्याशिवाय काम हातावेगळं करायचे नाहीत. त्यांनी नळी उजेडाला धरली, आत करडं दिसलं, आणि त्यांना वाटलं, माझ्या पोरीच्या रायफलीत हा डाग?

तू क्लासला गेली होतीस. त्यांनी कारखान्यातली पेस्ट आणली, सळईवर फेल्ट गुंडाळलं आणि पुढच्या तोंडाकडून घासत बसले, मागे-पुढे, मागे-पुढे, साचा घासावा तसं. गुणगुणत होते. तू आल्यावर म्हणाले, "बघ, आरसा झालाय आरसा!" तू बघितलंस, आणि तुझा चेहरा मी बघितला. तरी तू हसलीस.

स्पर्धेत काय झालं ते तुला मी काय सांगू. छर्रे कागदभर पसरले. सरांनी नळी तपासली, तोंडाशी झिजलीय म्हणाले, आता ही पूर्वीसारखी मारणार नाही. अति तिथे माती म्हणतात ते हेच. अब्बा भिंतीला टेकून उभे होते. आणि तू त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "असू दे अब्बा. चांगल्यासाठीच केलंत."

किती शहाणी पोरगी, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी शेजारीपाजारी सांगत सुटले होते. मग तुझी परीक्षा आली, मग पुण्याची नोकरी. रेंजवर तू पुन्हा गेली नाहीस आणि आम्हीही विचारलं नाही. ईदला येतेस, सगळ्यांना कपडे आणतेस, अब्बांच्या औषधाच्या गोळ्या डबीत भरून ठेवतेस आणि दुसऱ्या दिवशी परतीची बस धरतेस. तुझ्या वागण्यात बोट ठेवायला जागा नाही. मला त्याचंच रडू येतं.

तुला एक ठाऊक नाही. अब्बा आता साचे पूर्ण चमकवत नाहीत. करडे असतानाच हात थांबवतात. त्यांचे मालक महेशशेठ परवा घरी येऊन गेले, म्हणाले, "भाभी, रहेमानचाचांना झालंय काय? चमक कुठं गेली?" ज्या हातांचा त्यांना गर्व होता, त्या हातांनाच ते आता भितात.

रविवारी शुभांगीनं रायफल खांद्याला लावली, तेवढ्यात अब्बांनी ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली. म्हणाले, "बेटा, ही घेऊ नको. नळी खराब आहे. मीच खराब केली, माझ्या पोरीची." मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. इतक्या वर्षांत हे वाक्य या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. वाळूभाऊ बिचारे गोंधळले. मग साधेपणानं विचारलं, "मंग पोरगी काय म्हनली तुमची?" अब्बा बराच वेळ पेटीची कडी लावत बसले. मग म्हणाले, "असू दे म्हणाली. ओरडली असती तर मी माफी तरी मागितली असती."

म्हणून हे पत्र. त्यांना माहीत नाही, सांगूही नकोस. आफिया, रायफल मी विकू देणार नाही. ती परत कपाटावर ठेवलीय. तू ये. ईदची वाट बघू नकोस, कपडे आणू नकोस, गोळ्या मी भरीन. पेटी उघड, ती नळी त्यांच्यासमोर उजेडाला धर, आणि त्या दिवशी गिळलंस ते सगळं बोल. रड, आदळआपट कर, माझी वर्षं वाया गेली म्हण. त्यांना ते ऐकायचंय, आणि तुला बोलायचंय, हे आईला कळतं. मी स्वयंपाकघरात असेन. कितीही आवाज चढला तरी मधे पडणार नाही, आणि जेवण थंड झालं तर होऊ दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
अम्मी