कार्डावरून कमी केलेलं नाव

३ मार्च १९९८, देवळाली कॅम्प
रेशनची साखर घेऊन आई आणि मी घरी यायचो. वाटेत पिशवीत बोट बुडवून दोघी खायचो. "तुझ्या कॉन्व्हेंटच्या मदरला सांगू नकोस हं," ती म्हणायची. आज का आठवलं?
सुरेश आला होता म्हणून. आमच्या घरमालकाचा, कै. भाऊंचा मुलगा. भाजीचा मळा बिल्डरला दिला, आता या चार खोल्याही पाडणार. "इथल्या पत्त्याच्या रेशनकार्डावर ज्यांचं नाव, त्यांना नव्या बिल्डिंगीत खोली, टीचर."
कार्डावर एकट्या आईचं नाव. तिला जाऊन सात वर्षं झाली.

५ मार्च
माझं नाव मीच कमी करवलं होतं. पाचगणीला होस्टेलवर मेट्रन होते, जेवण तिथे. मग इथली साखर कशी घ्यायची? आई हसली होती. "नन्सनी पोरगी पार बिघडवली!" तिच्या आजारपणात परत आले, ती इथलीच झाले. नाव घालायचं सुचलंच नाही.

९ मार्च
रेशन ऑफिस. "राहत्या जागेचा पुरावा?" लाइटबिल भाऊंच्या नावावर. भाडेपावती कधी घेतलीच नाही. भाऊ म्हणायचे, "पावती परक्याला." तेव्हा किती बरं वाटायचं.
"मग मालकाकडून लिहून आणा."

१० मार्च
सुरेशला म्हटलं, दोन ओळी दे लिहून. याच खोलीत त्याला पाच वर्षं इंग्रजी शिकवलं. मान खाली. "टीचर, बिल्डर म्हणतो कायबी लिहून द्यायचं नाय."
"चुका मी तपासते की."
हसला. लिहिलं नाही.

१४ मार्च
बाजारामागे एक खोली पाहिली. "मिस्टर?" नाहीत. "मुलं?" नाहीत. "एकट्या बाईला नाही देत हो मावशी. आजारी पडलात तर?" शिवाय कार्ड हवंच. खोलीशिवाय कार्ड नाही, कार्डाशिवाय...
पुण्याहून धाकटीचा फोन. "ये की ताई, आठ दिवस." आठ.

२० मार्च
शेजारच्या खोल्या रिकाम्या. सोमवारी पाडतात.
शिलाई मशीन कमलला; शेजार सुटला तरी रोज डोकावते. डिक्शनरी आणि पृथ्वीचा गोल सुरेशच्या मुलीला. तिचा काय दोष. आईची पैठणी धाकटीला. साखरेचा डबा कुणाला नाही, माझ्याबरोबर.
ट्रंक माझी. झाकणावर रंगाने नाव घातलंय. खाली पत्त्याला जागा सोडलीय, कमल विचारत होती कुठे पोचवू, तर म्हटलं, कळलं की लिहिते.