भरपूर गार्निश

दि. १४, सकाळी

ताई,
साष्टांग नमस्कार. इकडे मी ठीक आहे. भावोजींचं सलाईन निघालं का? अंगात थोडी तरी ताकद आली का?

परवा तू फोनवर विचारलंस, "त्या माशात काही होतं का रे?" मी म्हणालो, "मला काय माहीत, मी फक्त गार्निश करतो." आणि तू, खरी मास्तरीण, नवऱ्याच्या उशाशी बसून शब्दकोश चाळलास. गार्निश जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ अर्थ सावध करणं, संरक्षण करणं, इंग्रजीतला 'वॉर्न' त्याचाच भाऊबंद, असं कळवलंस. वाचून हसू आलं, मग ते मावळलं.

कारण आमच्या हॉटेलात तो शब्द अजून मूळ अर्थानंच चालतो. मालक खिडकीतून ओरडतात, "याला गार्निश भरपूर!" म्हणजे माल शिळा आहे, वास मारतोय, झाका. सावध आम्हाला करतात, खाणाऱ्याला नाही. मग मी लिंबाच्या चकत्या, कोथिंबीर, मुळ्याची फुलं असं काहीबाही रचतो. मालक म्हणतात, तुझ्या हाताला कला आहे. या कलेची मला आता शिसारी येते. हात कितीही धुतले तरी बोटांना तो वास येतो, आणि त्याच हातांनी मी घरी जेवतो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. त्या दुपारी आठ नंबरच्या टेबलाला भरपूर गार्निश होतं. मासा चिकट झाला होता, बोट लावलं की कळत होतं. मी सजवला. ताट गेल्यावर सहज बाहेर डोकावलो तर भावोजी. मला बघून त्यांनी हात केला, वेटरला म्हणाले, "ही फुलं आमच्या मेहुण्यानं केलीत, बरं का."

पहिला घास अजून घ्यायचा होता. चार पावलांवर होतो मी. नोकरी जाईल म्हणून मान हलवून हसलो आणि आत आलो.

मालक सांगत सुटलेत की तुमचा माणूस बाहेरचं काहीतरी खाऊन आला होता. पुरावा नाही म्हणून अन्न खात्यातले साहेब तुझी तक्रार उद्या निकालात काढतील. हे पत्र तक्रारीला जोड. बोलावलं तर येऊन हेच सांगेन. भावोजींनाही वाचून दाखव, त्यातलं काही गाळू नकोस.

भाऊ म्हणून सही करायला हात धजत नाही. साक्षीदार म्हणून करतो.

आठ नंबरचं ताट सजवणारा