नावाची मोकळी जागा

नफ्ता,
२० फेब्रुवारी १९९७

प्रिय तिजानी,

तुला, नाजियाला आणि मुलींना आशीर्वाद. इकडे सगळे सुखरूप आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझी वहिनी मबरूका बरी आहे, गुडघे सोडले तर. मीही ठीक. जरा बारीक झालोय, पण त्यामुळे लग्नातला कोट पुन्हा अंगाला बसायला लागलाय. ईदला तुझा फोन येईल असं मबरूकाला वाटत होतं. मला वाटत नव्हतं.

पत्राचं कारण संमेलन. मार्चमध्ये शाळांना सुट्टी लागली की आपल्या दक्षिण लेखक संघाचं वार्षिक संमेलन भरतंय. आपल्या म्हणजे आता माझ्याच. या वर्षी तू यावंस अशी माझी फार इच्छा आहे. तू संघ फोडलास, गाबेसला दुसरा मांडलास, निम्मे लेखक बरोबर नेलेस, तेव्हापासून आपण बोललेलो नाही. कोणाचं चुकलं ते राहू दे. त्यावर आपण दोघांनीही पुरेसे लेख लिहून झालेत.

तयारीचं विचारशील तर नेहमीचाच डोक्याला ताप. सभागृहाच्या निम्म्या खिडक्यांना काचा नाहीत आणि मार्चमध्ये वाळूचं वारं सुटतं. गेल्या वर्षी गफ्साच्या एका कवीला वसतिगृहात गरम पाणी मिळालं नाही, तर त्याने मंचावरून त्यावरच कविता म्हटली, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या तिलाच पडल्या. गव्हर्नरच्या कचेरीला सगळ्या कविता आधी वाचायला हव्यात. मी म्हटलं, बरंच आहे, कोणीतरी वाचतंय. ट्यूनिसहून येणारा प्राध्यापक दुसऱ्या प्राध्यापकाच्या शेजारी बसत नाही. तिसऱ्याशीही त्याचं पटत नाही, त्यामुळे त्याला बायकांच्या बाजूला बसवावं का, यावर एक अख्खी बैठक गेली.

त्याच बैठकीचं सांगायचं होतं.

तुला माहीतच आहे, आपलं प्रत्येक संमेलन एखाद्या दिवंगत सभासदाच्या नावाने भरतं आणि त्या नावावरून दरवर्षी हातघाई होते. प्रत्येकाचा आपापला ठरलेला मेलेला माणूस असतो. या वेळी तो विषय निघाला आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. अमारा तर अध्यक्ष झाल्यापासून गप्प बसलेला मी पाहिलेला नाही. तोसुद्धा चहा ढवळत बसला. चहा आधीच गोड करून आणलेला होता. शेवटी म्हणाला, “नावाची जागा तेवढी मोकळी ठेवू. पोस्टर अगदी शेवटी छापू.”

मी म्हटलं, छापखान्याला आठवडा लागतो, आयत्या वेळी तो ऐकून घेत नाही. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “होईल रे लझर. घाई काय आहे?”

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. आणि मी शहाणा, सेक्रेटरी ना, मुकाट्याने टिपून घेतलं, नाव मागाहून. घरी येताना खजुराच्या बागेतल्या पाटाशी दम खायला बसलो तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आता तुला सांगायलाच हवं. जानेवारीत ट्यूनिसला डॉक्टरांनी माझं पोट उघडलं, आत पाहिलं आणि परत शिवून टाकलं. हवं ते खा, म्हणाले. पुढच्या खजूरतोडणीपर्यंत तब्येत सुधारेल ना, असं मी विचारलं, तर ते नफ्त्याच्या खजुरांचं कौतुक करायला लागले. गावात आम्ही अल्सर म्हणून सांगितलं होतं. पण कोणाची तरी मेहुणी नर्स असतेच.

भीती वाटते, तिजानी. रोज वाटते, विशेषतः सकाळी. पण त्या दिवशी मला रागच आला. एवढी वर्षं ज्यांच्या खुर्च्या मी मांडल्या, ते माझ्यादेखत माझ्या जाण्याची सोय लावत होते, आणि तीही मार्चच्या आत! मबरूकाला सांगितलं तेव्हा ती रव्याचं कुसकुस वळत होती. दरवर्षी सगळ्या पाहुण्यांचा स्वयंपाक तीच करते. ती म्हणाली, “मग त्यांना सांगा, जेवायला आपापल्या घरी जा.” आणि तिने पिठाने भरलेल्या हातांनीच तोंड झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अमाराच्या औषधाच्या दुकानात गेलो. आपली जुनी सभासद झीना आठवते का तुला, शाळेतल्या मुलांसाठी बालगीतं लिहायची? ती कधीच कोणत्या गटात नव्हती, म्हणून मेल्यावर कोणी तिचं नाव पुढे केलं नाही. मी अमाराला म्हटलं, झीनाचं नाव घाल आणि आजच पोस्टर छापायला टाक. तो चाचरत म्हणाला, “पण लझर, आम्हाला वाटलं होतं...”

“पुढच्या वर्षी तुम्हाला नाव शोधावं लागणार नाही,” मी म्हटलं.

तो गिऱ्हाइकांसमोरच रडायला लागला. त्याची समजूत काढायचं कामही मलाच करावं लागलं. पोस्टर छापायला गेलंय.

तिजानी, पुढच्या वर्षीच्या संमेलनाला तू येशील. पक्कं माहीत आहे मला. संघ, फूट, सगळं बाजूला ठेवून येशील आणि माझ्यावर असं बोलशील की सभागृह हुंदके देईल. मेलेल्या माणसावर बोलण्यात तुझा हात कोणी धरू शकत नाही. अब्बांच्या वेळी ऐकलंय मी. घरी त्यांच्याशी अबोला होता तुझा, आणि कबरीपाशी तू जे बोललास ते ऐकायला ते हवे होते.

ते भाषण मला ऐकायचंय. मंचावर नको, आपल्या अंगणात बसून. शिव्या असतील तर त्या आधी दे, मी पण देईन. लोक ऐकणार आणि मी नसणार, हे मला सहन होत नाही रे.

खरं तर संमेलनाची वाट बघू नकोस. त्याआधीच ये.

तुझा मोठा भाऊ,
आज तरी हयात असलेला,
लझर