सासूबाईंची कवळी

सासूबाई,

नातं तुटून सहा वर्षं झाली, तरी तोंडी हीच हाक येते. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून तुमच्या जबड्याचा साचा माझ्या टेबलावर आला. चिठ्ठीवर तुमचं नाव होतं. गावातल्या सगळ्या कवळ्या मीच बनवते, हे तुम्हाला ठाऊक नसावं.

याच तोंडाने तुम्ही चर्चमध्ये उपासनेनंतर अख्ख्या मंडळीसमोर म्हणाला होतात, "सुनेची चाल बरी नाही." तुमच्या लेकाने ते खरं मानलं आणि मला घराबाहेर काढलं.

पाळकसाहेब म्हणतात, खरी लढाई मनात असते. वाईट विचाराला उंबऱ्यावरच अडवावं, बसायला खुर्ची देऊ नये. मी तर त्याला चहाही पाजला. कवळीच्या आत, मागच्या दाढेखाली, तांदळाच्या कणीएवढा उंचवटा मुद्दाम ठेवला. घासाघासाला हिरडी सोलली असती. दुपारभर मी गुणगुणत होते.

शेवटी प्रभूचं नाव घेतलं आणि तो उंचवटा घासून टाकला. कवळी आता तुम्हाला बेमालूम बसेल.

ती घालून एकदा त्याच मंडळीसमोर खरं बोला. पण मी सांगितलं म्हणून नको, त्यासाठीच हे पत्र पाठवत नाही.

नाहीच बोललात, तरी मला घाई नाही. कवळी कधी ना कधी सैल होते आणि दुरुस्तीला माझ्याकडेच येते. हा पत्ता सैतानालाही पाठ आहे.

तुमची,
चाल बरी नसलेली सून