विमानावरची जाळी

२५ ऑगस्ट, सोम.
गणेश मंडळाचा यंदाचा देखावा लढाऊ विमानाचा. थर्माकोलचं, मारुतीच्या देवळाएवढं. अध्यक्ष आमचा पुतण्या विलास. "काका, तुम्ही फौजी. उद्घाटन तुमच्याच हातानं." म्हटलं, मी तोफखान्यात होतो. "त काय झालं? हे पाहूनच दुश्मन पळते!"
विमान लागतं, नाही कोण म्हणतो? पण लेक सचिनच्या सीमेवरच्या चौकीवर येतात ती हातभर ड्रोनं. त्यांच्यामागे एवढं महाग विमान सोडायचं? डासामागे कुऱ्हाड घेऊन धावण्यातली गत.

२७, बुध.
सीमेवरून सचिनचा फोन. "बाबा, आपल्या शेडनेटची जुनी जाळी पाठवा. खंदकावर ताणतो. ड्रोन त्यात अडकते." सरकारी नाही का मिळत? "मागणी गेली हाय. येईन." हसला. मला हसू आलं नाही. टोमॅटोच्या रोपांवरची जाळी लेकाच्या डोक्यावर! शिसारी आली. कुणाची, ते नीट लिहिता येत नाही.

२९, शुक्र.
जाळी उतरवली. सून मीनानं धुऊन, गुंडाळून ओसरीत ठेवली. उद्या पोस्टात.

३०, शनि.
शेतातून आलो तर गुंडाळी गायब. मंडपात पाहतो तर विमानावर! विलास म्हणे, "काका, कबुतरं विमानावर हगून राह्यले होते. ओसरीत पडलेली दिसली, आणली." म्हटलं, सचिनची आहे, काढ. "विसर्जन होऊ द्या ना. लोकं फोटो काढून राह्यले."
संध्याकाळी उद्घाटन. नारळ फोडला, कसाबसा. तेवढ्यात लग्नात उडवतात तसलं ड्रोन डोक्यावर आलं. मीना दोन्ही हात डोक्यावर घेऊन मटकन खाली बसली. वरून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. टाळ्या. विलास माईकवरून, "वहिनी, भिऊ नका, फुलं हायेत!" सगळे हसले. थू.

३१, रवि.
मंडळाची पोरं झोपेत असताना शिडी लावून जाळी काढली. विलास येऊन आरडाओरडा करून गेला, "मंडळाची इज्जत घालवली तुम्ही!" करू दे. ओसरीत बसून मीना आणि मी जाळीतल्या पाकळ्या वेचल्या. विमानावर एकही पडली नव्हती.
पोस्ट उद्या उघडेल. सचिनचा फोन कालपासून लागत नाही. रेंज नसेल. मीनानं दोनदा विचारलं, "मामंजी, जाळी पोचायले किती दिवस लागन?"