मालिकेतल्या बाईबद्दल माझं मत

६ जाने., मंगळ.
ती नॉर्वेची पोलीस मालिका कॉलनीत घरोघरी चालू. हिंदीतून. महिला ग्रुपवर रोज चर्चा. शुभांगीचं मत, खुनी शेजारीच. बाकीच्यांना तिथला बर्फ आणि स्वयंपाकघरं आवडतात. माझ्या मताची मात्र वाट बघतात. "मॅडम, तुम्ही पेपरात लिहायला हवं." खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. शाळेतून रिटायर झाल्यापासून कोण ऐकतंय माझं?
आज त्या इन्स्पेक्टरबाईवर लिहिलं. मुलाचा वाढदिवस, आणि ही प्रेताशेजारी. "नोकरीपायी लेकरू परक्या दारात टाकणारीला आई म्हणायचं का?" भराभर अंगठे आले. शुभांगी : "अशी उदाहरणं आपल्याकडेही आहेत हं." मी हसरा चेहरा टाकला.

७ जाने.
जुईने वाचलं. गृहपाठ बघायला माझा मोबाईल घेतला होता.
"मामी, हे आईबद्दल आहे?"
"छे गं. मालिकेतल्या बाईबद्दल."
"पण मालिकेतला मुलगा त्याच्या बाबांकडेच राहतो. परक्या दारात कुठे?"
लिहिताना डोळ्यांसमोर संगीताच होती. माझी नणंद. खालापूरला पोलिसात, ड्यूटीला काळवेळ नाही. तिचा नवरा वारला तेव्हा मीच म्हटलं होतं, जुईला राहू दे आमच्याकडे, माझ्या डोळ्यांसमोर शिकेल. आता आठवीत आहे. मीच म्हटलं होतं.
जेवल्यावर पोरीने स्वतःचं ताट घासून ठेवलं. कधी घासत नाही.

९ जाने.
मेसेज पुसायला गेले. फक्त माझ्यापुरता पुसता येतो म्हणे, वेळ उलटून गेली. तसाच ठेवला. यांना काही सांगितलं नाही. बहीण आहे त्यांची.
ग्रुपवर विचारतायत, आज मत नाही का मॅडम?

११ जाने., रवि.
संगीता आली. पोशीरहून, तिच्या सासरहून, वालाच्या शेंगा घेऊन. जुईच्या डोक्याला तेल लावत बसली. दुपारी यांनी हौसेने तीच मालिका लावली. "बघ गं, तुझ्या खात्यातली बाई." मी म्हटलं, नको, बंद करा. कोणी ऐकलं नाही.
तेलाची वाटी बाजूला सारून ती म्हणाली, "वहिनी, हिला भाऊ-भावजय नाय का कोन?"
"नसावेत."
"मंग बिचारीनं पोराला कुठं ठेवायचं?"
आवाज अगदी साधा. मी शेंगा सोलायचं निमित्त करून आत गेले. तिला कळलंय की नाही? जुईने सांगितलं असेल? निघताना नेहमीसारखी वाकून पाया पडली. मला मागे सरकावंसं वाटलं.

१५ जाने., गुरु.
राहवलं नाही. यांना बाजारात जाते सांगून एसटीने खालापूर गाठलं. फोन केला नाही, केला असता तर फोनवरच काहीतरी बोलून सुटले असते. पोलीस ठाण्यात कळलं, हायवेवर अपघात, तिकडे गेलीय. बाकावर बसले. किती तरी वेळाने आली. वर्दीवर धूळ, बाहीला ऑइलचा डाग. मला बघितलं आणि दारातच थबकली. चेहरा पांढराफटक.
"जुई बरी हाय ना?"
"बरी आहे. शाळेत आहे."
"खरं सांगा वहिनी."
"अगं बरी आहे!"
तेव्हा कुठे भिंतीला टेकली. न सांगता येऊन मी तिला केवढं घाबरवलं, ते मला तोवर कळलंच नव्हतं. स्वतःच्याच लाजेत गुंग.
सांगून टाकलं. ग्रुपवर लिहिलं ते तुझ्यावर होतं.
"ठावं हाय. रविवारी जुईनं तुमच्या मोबाईलवर दाखवलं."
"मग बोलली का नाहीस?"
"काय बोलू? भावाचं घर हाय माजं." पाणी प्यायली. "तुमाला जड होत व्हतं तं तोंडावर सांगायचं. मी सोय बगितली असती. चार बायांत कशाला?"
जड होत नाही, म्हणाले. पण मग का लिहिलंत, असं तिने विचारलं असतं तर? दोन अंगठ्यांसाठी. ते सांगायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात तिला आतून हाक आली.
"रविवारी येते. मंग बगू," म्हणाली. यांना सांगू नका, असंही म्हणाली. दादाला लागंल.
वर माझ्यासाठी चहा सांगून गेली. प्यायले.

१६ जाने.
ग्रुपवर लिहिलं : माझं मत चुकीचं होतं, आणि ते मालिकेबद्दल नव्हतं. शुभांगी : "काय झालं मॅडम? आम्हाला तर पटलं होतं." त्याखाली पुन्हा तेवढेच अंगठे. तिला काय उत्तर देणार? तिच्या तोंडी ते मीच घातलं.

१८ जाने., रवि.
सकाळपासून जुई कपाटातून कपडे काढून पलंगावर ठेवतेय. शाळेचे वेगळे, घरचे वेगळे.
"कुठे निघालीस?"
"ठरलं नाही. आई येऊ दे."
"तुला जायचंय का?"
फ्रॉकची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मामी? खरं मत सांगा."
सांगणार होते. खाली संगीताची स्कूटर थांबली. ती खिडकीकडे धावली, मी अजून इथेच, वही घेऊन. "जाऊ नकोस" एवढंच सांगायचं होतं.